बरोबरचं चिन्ह

१३ नोव्हेंबर २०२१. ग्लासगोची हवामान परिषद ठरल्यापेक्षा एक दिवस लांबली होती आणि जवळपास दोनशे देशांच्या प्रतिनिधींना परतीचे वेध लागले होते. मसुद्यात कोळशापासून होणाऱ्या विजेबद्दल 'फेज आउट' असा शब्दप्रयोग होता. अगदी शेवटच्या घटकेला भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी दुरुस्ती वाचून दाखवली : 'फेज आउट'ऐवजी 'फेज डाउन'. टप्प्याटप्प्यानं बंद करायचं नाही, टप्प्याटप्प्यानं कमी करायचं. सभागृहात नाराजी उमटली, स्वित्झर्लंडच्या प्रतिनिधीनं ती उघड बोलून दाखवली आणि परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा आवाज सगळ्यांची माफी मागताना दाटून आला. अखेर 'डाउन'च राहिलं.

हेच दोन शब्द शाळेच्या गाइडात आले असते, तर बहुधा एकाच ओळीत आले असते आणि त्यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह असतं. दहावीच्या कुठल्याही गाइडाची मागची पानं उघडून बघा. 'बिग' बरोबर 'लार्ज' बरोबर 'ग्रेट'. 'स्टार्ट' बरोबर 'बिगिन' बरोबर 'कमेन्स'. 'बट' बरोबर 'हाउएव्हर' बरोबर 'येट'. पाठांतराला हे सोयीचं आहे यात वाद नाही. पण चूक 'बिग' असते, 'लार्ज' नसते. संख्या 'लार्ज' असते. आनंद 'ग्रेट' असतो. थोरला भाऊ 'बिग ब्रदर' असतो. त्याला 'लार्ज ब्रदर' म्हटलं तर त्याच्या कपड्यांच्या मापाची चौकशी होईल. 'मोटार स्टार्ट झाली' चालतं, 'मोटार कमेन्स झाली' कोणी म्हणत नाही. ज्या चिन्हावर विसंबून पोरं वाक्यं जुळवतात, ते चिन्ह पावलोपावली दगा देतं.

हा केवळ शाळकरी गोंधळ समजू नये. आपल्या राज्यघटनेच्या १२४व्या अनुच्छेदात न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी सरन्यायाधीशांशी 'कन्सल्टेशन' करावं असं आहे. 'कन्करन्स', म्हणजे त्यांची संमती, असा शब्द घालावा अशी सूचना घटना समितीत आली होती. मे १९४९मधल्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी माणूसच. एका माणसाच्या हाती असा नकाराधिकार देणं त्यांना धोक्याचं वाटलं. पुढे १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं त्याच 'कन्सल्टेशन'चा अर्थ जवळजवळ 'कन्करन्स'पर्यंत नेला आणि त्यातून आजची कॉलेजियम पद्धत उभी राहिली. सल्ला आणि संमती यांतल्या फटीत देशाच्या न्यायव्यवस्थेचं एक आख्खं दालन बसलेलं आहे.

तरीही माझा विषय दिल्ली किंवा ग्लासगो नाही. मला पाहायचं होतं की मराठी माणूस इंग्रजी शिकताना या सारख्या दिसणाऱ्या शब्दांपाशी नेमका कुठे अडखळतो. त्यासाठी काही वर्गांत मागच्या बाकावर बसलो, काही शिक्षकांशी बोललो, नोकरीत रोज इंग्रजी लिहिणाऱ्या काही जणांना त्यांच्या ई-मेलबद्दल विचारलं. त्यातून एक गोष्ट ठळक झाली. मराठी माणसाला हा विवेक नवा नाहीच. तो त्याच्या भाषेत रोज, न चुकता करतो. फक्त इंग्रजीच्या तासाला तो विवेक दाराबाहेर ठेवून आत यायला त्याला शिकवलेलं असतं.

मराठीत माणूस वारतो, जातो, निवर्ततो. त्याला देवाज्ञा होते. सैनिकाला वीरमरण येतं. शेजारचे आजोबा 'वारले' आणि उंदीर 'मेला', हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. 'आमचं कुत्रं वारलं' असं कोणी म्हणालं तर ऐकणारा आधी हसेल आणि मग ओशाळेल. हे कोणी पाठ करून घेतलं होतं? कोणीही नाही. नळाला पाणी येतं आणि मंत्रालयात जलसंपदा विभाग असतो. 'घरातलं जल संपलं, टँकर बोलवा' हे फक्त विनोदी नाटकात शोभेल. लग्नाला जायचं असतं, नोंदणी मात्र विवाहाची होते. शब्दकोशात 'पाणी' आणि 'जल' यांच्यात बरोबरचं चिन्ह असलं, तरी मराठी माणसाच्या डोक्यात ते नसतं. तिथे असते प्रत्येक शब्दाची ऊठबस : हा कोणाकडे जातो, कोणाकडे जात नाही.

'कडक' घ्या. कडक चहा, कडक इस्त्री, कडक ऊन, कडक शिस्त, कडक उपास. आपल्या कानाला हा एकच शब्द आहे. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' होतो, इस्त्रीचा शर्ट 'क्रिस्प', ऊन 'स्कॉर्चिंग'. शिस्त आणि उपास दोघे 'स्ट्रिक्ट'वर भागवतात. आता गाइडात 'स्ट्राँग' बरोबर 'पॉवरफुल' असं लिहिलेलं वाचून कोणी 'पॉवरफुल टी' मागितला, तर व्याकरणाची एकही चूक झालेली नसते, चहाही मिळतो. पण तसं कोणी म्हणत नाही. 'स्ट्राँग टी' आणि 'पॉवरफुल कार' ही जोडी भाषाशास्त्रात प्रसिद्ध केली ती मायकेल हॅलिडे यांनी, १९६६च्या एका निबंधात. युक्तिवाद 'स्ट्राँग'ही असतो आणि 'पॉवरफुल'ही. चहा आणि मोटार मात्र आपापला शब्द सोडत नाहीत, हे त्यांचं निरीक्षण.

इंग्रजीत असे जुळे आणि तिळे शब्द इतके का, याचं उत्तर बरंचसं १०६६मध्ये आहे. त्या वर्षी फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मन सरदारानं इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं राजदरबार, न्यायालय आणि उंची जेवण यांची भाषा फ्रेंच राहिली. खालच्या थरात जुनं इंग्रजी होतंच. वर विद्वानांनी लॅटिनचा तिसरा थर चढवला. म्हणून साधं विचारणं 'आस्क', जरा औपचारिक विचारणं 'क्वेश्चन' आणि पोलीस कोठडीतलं विचारणं 'इंटरॉगेट'. वकिलांनी तर दोन्ही थरांना खूश ठेवलं : 'विल अँड टेस्टामेंट', 'गुड्स अँड चॅटल्स', अशा जोड्या आजही आपल्याकडच्या दस्तांत टिकून आहेत. हे वाचून मराठी वाचकाला नवल वाटायचं कारण नाही. आपल्या कागदपत्र या शब्दात फारसी वळणाचा कागद आणि संस्कृत पत्र शेजारी शेजारी बसलेत. धनदौलत, बाजारहाट, मानमरातब यांचीही घडण तीच. राज्य बदललं की शब्दांवर थर चढतो आणि जुना शब्द मरत नाही, त्याचा कामधंदा बदलतो. शिवकाळातला राज्यव्यवहारकोश हा फारसी थर खरवडून काढण्याचाच प्रयत्न होता. तरीही आपण आज 'दिरंगाई'बद्दल 'तक्रार' 'अर्ज' करतो आणि त्यात वावगं काही वाटत नाही.

एक गंमत हा लेख लिहितानाच माझ्या लक्षात आली. परभाषक शिकणाऱ्याला शब्दांची निवड शिकवणाऱ्या आजच्या शब्दकोशांची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली नाही. तिथे लोकांना त्यांची फारशी गरज नव्हती. १८५२मध्ये लंडनमध्ये पीटर मार्क रोजे या वयस्कर डॉक्टरनं आपला थिसॉरस छापला. त्यात हजार कल्पनांखाली सारखे शब्द ओळीनं मांडले, पण त्यांच्यातला फरक सांगितला नाही. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला शब्द दिसला की तो उचलायचा की नाही हे कळतं, असं त्यात गृहीत होतं. शिकणाऱ्यानं तेच पुस्तक हाती घेतलं की ते जाड बांधणीचं गाइड होतं. मोबाइलवरची 'समानार्थी शब्द दाखवा' ही सोय त्याचीच वंशज. तिच्यामुळे झालेले घोटाळे मी नोकरीच्या अर्जांत पुष्कळ पाहिलेत.

गरज जिथे टोचत होती तिथे उत्तर शोधलं गेलं. मायकेल वेस्ट ब्रिटिश अमदानीत ढाक्याला शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलं इंग्रजी वाचताना कशावर अडतात हे त्यांनी बारकाईनं पाहिलं, आणि १९३५मध्ये जेम्स एंडिकॉट यांच्यासोबत असा शब्दकोश काढला की ज्यातले चोवीस हजार शब्द आणि वाक्प्रचार अवघ्या १,४९० शब्दांच्या मर्यादेत समजावलेले होते. अवघड शब्दाचा अर्थ त्याहून अवघड शब्दानं सांगायचा नाही, हा त्यांचा नेम. जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे लंडनला भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाल्यावर त्यांनी मांडलं की शब्दाच्या अर्थाचा एक हिस्सा त्याच्या नेहमीच्या सोबतीत असतो. 'नाइट' या शब्दाच्या अर्थात 'डार्क'ची सोबत मिसळलेली असते. हॅलिडे हे या फर्थ यांचेच शिष्य.

तिसरं गाव तोक्यो. हॅरोल्ड पामर १९२२मध्ये जपानच्या शिक्षण खात्याचे सल्लागार म्हणून तिथे गेले. जपानी विद्यार्थी व्याकरण अचूक लिहितात, पण कुठल्या शब्दापुढे कुठला येतो तिथे घसरतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९३३मध्ये त्यांनी अशा बांधील शब्दजोड्यांचा मोठा अहवाल काढला. त्या कामात त्यांना ए. एस. हॉर्नबी नावाचा तरुण सहकारी मिळाला. हॉर्नबी आणि त्यांच्या दोन साथीदारांनी तयार केलेला शब्दकोश १९४२मध्ये तोक्योच्या काइताकुशा या प्रकाशनानं छापला. तेव्हा इंग्लंड आणि जपान एकमेकांशी लढत होते आणि हॉर्नबी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते. युद्ध संपल्यावर, १९४८मध्ये, ऑक्सफर्डनं तोच कोश पुन्हा छापला. पुण्याच्या नव्या पेठेतल्या अभ्यासिकांत टेबलाटेबलावर दिसणारा 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स' तो हाच, अनेक आवृत्त्यांनंतरचा. बहुतेक मुलं तो अर्थ बघायला उघडतात, अर्थ सापडला की मिटतात. त्याखालची उदाहरणांची वाक्यं, ज्यांच्यासाठी या सगळ्यांनी आयुष्य घालवलं, ती वाचायला कोणाला सवड नसते.

अशाच एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर इंग्रजीचा वर्ग चालतो. छत पत्र्याचं, पंखे तीन, त्यांतला एक बंद. सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं : 'आय विल वेट बाय फाइव्ह.' आणि विचारलं, "काय चुकलं?"

औश्याहून आलेली एक मुलगी वही चाळत म्हणाली, "सर, 'पर्यंत' म्हणजे 'बाय' ना? परवा तुम्हीच लिहून दिलंय."

"परवा काय होतं? 'सोमवारपर्यंत अर्ज द्या.' आज काय आहे? 'पाचपर्यंत थांबेन.' तू सोमवारपर्यंत सारखी अर्ज देत राहणार आहेस का गं?"

वर्ग हसला. पण मुद्दा पक्का होता. 'पर्यंत' हे आमचं शब्दयोगी अव्यय दोन्हीकडे राबतं. थांबणं लांबत जातं, म्हणून तिथे 'टिल'. अर्ज देणं एका क्षणात उरकतं, म्हणून तिथे 'बाय'. सरांची युक्ती मला फार आवडली, कारण ती मराठीतून आलेली होती : 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' बसतं का बघा. 'सोमवारच्या आत अर्ज द्या' बसतं, तर 'बाय'. 'पाचच्या आत थांबेन' बसत नाही, तर 'टिल'. मराठीला हा फरक माहीत होताच, तिनं तो फक्त वेगळ्या कप्प्यात ठेवला होता.

हिंजवडीतल्या एका अभियंत्यानं याच शब्दापायी झालेली फजिती सांगितली. परदेशी ग्राहकाला त्यानं लिहिलं की काम 'टिल फ्रायडे' करीन. त्याच्या मनात होतं, शुक्रवारपर्यंत पुरं करतो. ग्राहकानं वाचलं, हा शुक्रवारपर्यंत काम करेल आणि मग सोडून देईल. सोमवारी उलट विचारणा आली : पुढे कोण बघणार?

'पासून'चंही तेच. 'दहा वर्षांपासून पुण्यात राहतो' याचं 'सिन्स टेन इयर्स' होतं, आणि ते आपल्याकडे इतकं रुळलंय की इंग्रजी माध्यमात शिकलेलेही बिनदिक्कत लिहितात. इथेही मराठीची किल्ली आहे. 'गेली दहा वर्षं' म्हणता आलं की 'फॉर'. '२०१५पासून' असं ठिकाण दाखवता आलं की 'सिन्स'. 'जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत' यातला आपला 'नाही' इंग्रजीत नेला की 'अन्टिल यू डोन्ट कम' होतं. 'अन्टिल'ला तो नकार नको असतो. 'तो मला म्हणाला' यावरून 'ही सेड मी' येतं. खरं तर 'म्हणणं' आणि 'सांगणं' असे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत, आणि 'टेल'ला सांगण्याप्रमाणे समोर माणूस हवाच असतो. 'दिसणं' आणि 'बघणं' यांतून 'सी' आणि 'लुक' आपोआप वेगळे होतात. मात्र 'करणं' आपल्याला काहीच मदत करत नाही. आम्ही भाकरी करतो, अभ्यास करतो, चूक करतो, लग्नही करतो. इंग्रजीत कुठे 'मेक' कुठे 'डू' हे एकेक करून ऐकावंच लागतं, आणि लग्नाला तर दोन्ही चालत नाहीत. 'परीक्षा देणं' हे 'गिव्ह अॅन एक्झाम' झालं, ते भारतभर झालं. विलायतेत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. यात कोण चूक, यावर मी भांडणार नाही.

सर्वांत जास्त हाल होतात ते उभयान्वयी अव्ययांचे. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट.' हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलं की ते चुकीचं आहे हे स्वतःला बजावावं लागलं. मराठी वाक्य दोन्ही टोकांना खूण मागतं : जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जो-तो. 'जरी'नं उघडलेलं 'तरी'नं मिटवलं नाही तर कान वाट बघत राहतो. इंग्रजीला एकच खूण पुरते. चिनी भाषेतही अशी जोडी लागते आणि चिनी विद्यार्थी नेमकी हीच 'ऑल्दो-बट'ची चूक करतात, असं तिथे शिकवणारे सांगतात. 'बिकॉज ही वॉज इल, सो ही डिडन्ट कम' हे त्याचंच भावंड. त्यामागे आपलं 'कारण... म्हणून' उभं असतं.

आता जरा वादाचा मुद्दा. आपल्या बोर्डाच्या इंग्रजी पेपरात 'डू अॅज डायरेक्टेड' नावाचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या आहे. 'बट'चं वाक्य 'ऑल्दो'नं लिहा, 'टू' काढून 'सो... दॅट' घाला, 'अॅज सून अॅज'चं 'नो सूनर... दॅन' करा. गुण हमखास मिळतात, म्हणून शिक्षकांचाही लाडका. माझं मत असं की या प्रश्नानं बरोबरच्या चिन्हाला सरकारी शिक्का दिला. अर्थ न बदलता वाक्य बदला, असा त्याचा हुकूम असतो; आणि वाक्य बदललं की अर्थ थोडासा बदलतोच, हे तो लपवतो.

मराठीत 'पण'ला व्याकरणकारांनी न्यूनत्वबोधक म्हटलं. आधीच्या बोलण्यात उणेपणा आणणारा. तो कुणाच्या पदरात उणेपणा टाकतो ते जागेवर ठरतं. 'मुलगा हुशार आहे पण आळशी आहे', आणि 'मुलगा आळशी आहे पण हुशार आहे'. प्रगतिपुस्तकात पहिलं वाक्य वाचून बाप ओरडतो, दुसरं वाचून पेढे आणत नसला तरी निदान जेवायला वाढतात. माहिती दोन्हीकडे तीच. स्थळ पाहायला गेलेल्या घरात 'सगळं चांगलं आहे, पण' एवढं ऐकलं की पुढचं ऐकायची गरज नसते. 'पण'नंतरचं जिंकतं. इंग्रजी 'बट'लाही हाच नियम लागू. 'ऑल्दो' मात्र ज्या अर्ध्यावर बसतो त्याला दुय्यम करून टाकतो, मग तो अर्धा आधी येवो की नंतर. 'ही इज इंटेलिजंट, ऑल्दो लेझी' म्हणताना आळस शेवटी येऊनही हुशारीच मुख्य राहते. 'बट'च्या वाक्याचं 'ऑल्दो' करताना ते कुठल्या अर्ध्यावर बसवायचं, हे मुलं नियम म्हणून घोकतात. त्या नियमामागे वजनाचा हिशेब आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

'हाउएव्हर' तिसराच. तो आपल्या 'मात्र'सारखा वाक्यात मागे सरकून, स्वल्पविरामांच्या मध्ये बसू शकतो. दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं सांधायचं काम तो करत नाही; आमची मुलं त्याला 'बट'च्या जागी बसवतात तिथे तपासनिसाची लाल रेघ येते. 'ऑन द कॉन्ट्ररी' आणखी फसवा. 'पुण्यात थंडी असते, उलट मुंबईत उकाडा' या आपल्या 'उलट'साठी तो चालत नाही. तिथे 'व्हेअरअॅज' किंवा 'ऑन द अदर हँड' हवं. 'ऑन द कॉन्ट्ररी' आधीचं विधान खोडून काढतो : 'तो गरीब नाही, उलट गावातला सर्वांत श्रीमंत तोच.' मराठी 'उलट' दोन्ही कामं करतो आणि आपण निष्काळजीपणे दोन्हीकडे एकच इंग्रजी शब्द नेतो. फ्रेंच विद्यार्थीही तिथेच पडतात. बेल्जियमच्या लूव्हँ विद्यापीठात सिल्व्हियान ग्रांजे यांनी १९९०पासून निरनिराळ्या मातृभाषांच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध गोळा केले. १९९६च्या एका अभ्यासात फ्रेंचभाषक मुलं 'मोअरओव्हर', 'इन्डीड', 'ऑन द कॉन्ट्ररी' यांचा मारा करताना दिसली, आणि 'हाउएव्हर', 'दो', 'येट' यांच्याकडे त्यांचा हात कमी जात होता. भर घालणारे शब्द मुबलक, विरोध दाखवणारे मोजके.

पुण्यातल्या त्या वर्गात निबंधांचा गठ्ठा चाळताना मलाही 'मोअरओव्हर' आणि 'फर्दरमोअर' यांची रांग दिसली. परिच्छेद सुरू झाला की 'मोअरओव्हर', मुद्दा असो वा नसो. परदेशी जाण्यासाठी आयेल्ट्स देणाऱ्यांना क्लासवाले असे शब्द यादीनं देतात. त्या परीक्षेत लेखनाच्या चार निकषांपैकी एक जोडणीचा आहे हे खरं, पण जोडशब्दांचा यांत्रिक आणि अति वापर हा त्याच निकषात दोष धरलेला आहे. म्हणजे ज्यासाठी यादी पाठ केली, तिथेच ती नडते. याबद्दल मी त्या वर्गातल्या मुलांना विचारलं : तुमच्या घरी भाजी संपली तर आईला असं सांगता का, की 'भाजी संपलेली आहे, सबब बाजारात जाणे क्रमप्राप्त आहे, तथापि पैसे नाहीत'? हसून झाल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे 'हेन्स' हा त्यांचा 'सबब' आहे." एका ओळीत त्यानं जे सांगितलं ते सांगायला मला आख्खा लेख लागला. शासन निर्णय वाचणाऱ्याला 'पण', 'मात्र', 'परंतु' आणि 'तथापि' कुठे वापरायचे हे नीट कळतं. त्यातला 'तथापि' उचलून व्हॉट्सअॅपवर कोणी टाकत नाही.

शब्दांना चांगल्यावाईटाचा वासही असतो, आणि तो एकटा शब्द हुंगून येत नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी लक्षावधी शब्दांचा संगणकीय साठा करून १९८७मध्ये कोबिल्ड शब्दकोश काढला. तेव्हा दिसलं की 'सेट इन' या क्रियापदापुढे येणारे कर्ते बहुतेक वाईटच असतात : कुजणं, नैराश्य, बिघाड. मायकेल स्टब्ज यांनी पुढे 'कॉज'बद्दल तेच दाखवलं. 'कॉज' होतं ते नुकसान, त्रास, मृत्यू. म्हणून 'यू कॉज्ड माय सक्सेस' ही कृतज्ञता ऐकणाऱ्याला आरोपासारखी वाटते. आपला 'कारणीभूत' याच जातीचा. अपघाताला चालक कारणीभूत असतो. मुलाच्या यशाला आईला कारणीभूत ठरवलं तर ती क्षणभर दचकेल.

हे सगळं ढाका, लाहोर, तोक्यो, बर्मिंगहॅममध्ये घडलं असं वाटत असेल, तर कोल्हापूर राहिलं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठानं १९६१मधल्या अमेरिकन छापील इंग्रजीचे पाचशे उतारे, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे, असा दहा लाख शब्दांचा साठा केला होता. ब्रिटिश इंग्रजीचा तसाच साठा लँकेस्टर, ऑस्लो आणि बर्गेन यांनी मिळून केला. भारतीय इंग्रजीचा साठा झाला तो शिवाजी विद्यापीठात, प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकारानं. १९७८मध्ये भारतात छापलेल्या इंग्रजीतले पाचशे उतारे, पुन्हा दहा लाख शब्द, काम पूर्ण १९८६मध्ये. संगणक ही जेव्हा खास परवानगीनं बघायची वस्तू होती त्या काळात हे झालं. जगभरचे अभ्यासक त्याला 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणून ओळखतात. कोल्हापुरात मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी मला रंकाळ्यापासून तालमींपर्यंत सगळं सांगितलं, हे सोडून.

त्या साठ्यातलं इंग्रजी छापलेलं आहे, संपादकांच्या हाताखालून गेलेलं. 'आय टोल्ड हिम यस्टरडे ओन्ली' हे तिथे क्वचित सापडेल, कारण हा 'ओन्ली' म्हणजे आपला 'च', आणि तो बोलण्यात जास्त राहतो. 'टुडे इटसेल्फ' हाही 'आजच'. 'प्रिपोन' तर आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. तो शब्द गरजेतून आला, आणि गरजेतून आलेल्या शब्दाला चूक म्हणणं मला पटत नाही. 'टिल फ्रायडे'ची गोष्ट वेगळी. तिथे समोरच्याला भलताच अर्थ कळतो. या दोन जातींच्या चुका वेगळ्या काढायच्या तर आधी त्या एका जागी दिसायला हव्यात, लूव्हँत दिसल्या तशा. मराठी मुलांच्या इंग्रजीचा तसा साठा करायचा म्हटला तर कागदांची टंचाई नाही. २०००पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि दर वर्षी पंधरा-सोळा लाख मुलं दहावीला बसतात. त्यांनी इंग्रजीच्या पेपरात लिहिलेली पत्रं आणि निबंध दोन-तीन महिन्यांत तपासून होतात. मग त्यांचे आकडे गुणपत्रिकेत जातात आणि उत्तरपत्रिका गठ्ठ्यात. कुठल्या 'जरी'मुळे कोणाचा 'बट' जास्तीचा झाला, विदर्भात वेगळा झाला की कोकणात, मराठी माध्यमात सुटला की इंग्रजीतही राहिला, हे सगळं त्या गठ्ठ्यांत लिहिलेलं असतं.